पटावरच्या चोवीस गाई

भांडारबाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरातून रजा मिळाली, त्याला सहा आठवडे झाले होते. रजेचा अर्ज त्यांनी केला नव्हता. ओल्या फरशीवर पाय घसरला तेव्हा त्यांच्या हातात भाताचे भरलेले पातेले होते, आणि पातेले वाचवावे की मनगट, असा प्रश्न त्यांना क्षणभरही पडला नाही. पातेले वाचले. भातही जवळजवळ सगळा वाचला. घरात मात्र कोणी त्याबद्दल शाबासकीचा एक शब्द काढला नाही. उलट प्लास्टर वाळायच्या आत सुनेने घरपोच जेवण पाठवणाऱ्या कुणा मंडळींना फोन करून माणशी एक डबा ठरवूनही टाकला.

तेव्हापासून रोज दुपारी बाराला चार डबे दारात येत. चौकोनी, पांढरे, झाकणावर चिकटपट्टी लावलेले. आत भात, एक भाजी, आणि एक पातळ पदार्थ, ज्याला रस्सा म्हणताना भांडारबाईंची जीभ अडखळत असे. 'हात धुतलेलं पाणी' हे त्यांनी त्याला दिलेले त्यातल्या त्यात सौम्य नाव.

हे बोलण्याचा अधिकार त्यांना होता. तेहेतीस वर्षे त्यांनी मुलींच्या वसतिगृहाचे भोजनगृह चालवले होते. कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून त्या चालू लागल्या की लांबून आवाज येई, म्हणून मुलींनी त्यांना भांडारबाई हे नाव ठेवले, आणि ते इतके चिकटले की पुढे घरात येणारा दूधवालाही त्यांना त्याच नावाने ओळखू लागला. दोनशे चाळीस मुली, दोन वेळचे जेवण, आणि वरून मिळणारी रक्कम अशी की ती पाहून दुसऱ्या कोणी बाईने नोकरीच सोडली असती. भांडारबाईंनी त्या रकमेत तेहेतीस वर्षे कोणाला उपाशी ठेवले नाही आणि भांड्याच्या तळाशी एक घास उरू दिला नाही. पूर्ण रिकामे झालेले भांडे, हेच त्यांचे प्रशस्तिपत्र. भिंतीवर लावायला दुसरे कोणी दिलेही नाही.

निवृत्तीनंतर घरी त्यांचे राज्य त्याच शिस्तीने चाले. दुपारी साडेबाराला पाने वाढली जात. यजमान जेवत, जवळच्याच कारखान्यात लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असणारे चिरंजीव येऊन जेवून जात, शेवटी त्या स्वतः जेवत, आणि दोन वाजता घासलेली पातेली ओट्यावर पालथी असत. सून औषधांच्या दुकानात सकाळी सात ते तीन उभी असे. साडेतीनला ती घरी येई, तोवर स्वयंपाकघर असे लखलखत असे की तिथे आजच काही शिजले होते, यावर कोणाचा विश्वास बसू नये.

आता मात्र साडेतीनला वेगळाच देखावा असे. सून चौथा डबा गरम करी, टेबलाशी खुर्ची ओढून ऐसपैस बसे आणि ते हात धुतलेले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकी. झाकणाला चिकटलेले शीतसुद्धा सोडत नसे. भांडारबाई समोर बसून हे पाहत आणि मनात नोंद करत. ज्या सासूच्या हातचे खाऊन मुली पदवीधर होऊन गेल्या, तिच्या डोळ्यांदेखत कोणी असला डबा चाटूनपुसून खावा, याला दुसरे काय म्हणायचे. सुनेला त्यांना डिवचायचे होते, एवढेच.

प्लास्टर निघाले त्या दिवशी त्या एप्रन चढवून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सून आधीच तिथे उभी होती.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलं ना आई?"

"म्हणाले, बोटं हलवा."

"म्हणाले, रबरी चेंडू दाबा. दोन महिने. पातेली उचला असं नाही म्हणाले."

"चेंडू दाबून कोणाचं पोट भरल्याचं मी ऐकलं नाही."

"पोटाची सोय आहे. चार डबे येतात."

"त्याला तू सोय म्हणतेस. दुकानात एवढ्या औषधांच्या बाटल्या असतात, त्यातली एखादी वाचून बघ. त्यात रश्श्यापेक्षा जास्त जिन्नस निघतील."

सून हसली नाही, रागावलीही नाही. तिने स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले आणि रबरी चेंडू सासूबाईंच्या हातात ठेवला. भांडारबाईंनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिथे तो पुढे धूळ खात बसला.

आता सुनेला एक व्यसन होते. जेवण झाले की ती अर्धा तास टीव्हीसमोर बसून शेती करी. हातात दोन काड्या आणि दहा बटणे असलेले एक यंत्र, आणि पडद्यावर हिरवेगार शेत, लाल ट्रॅक्टर, लांबलचक गोठा. दिवसभर लोकांच्या खोकल्याची औषधे मोजून आलेल्या बाईला घरी आल्यावर गाईंना चारा घालावासा का वाटावा, हे भांडारबाईंना कळत नसे. पण हातावर हात धरून बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या चुका पाहणे त्यांना केव्हाही पसंत होते, म्हणून त्या पाहत.

आणि चुका होत्याच. सून गाईंना तयार खाद्याची पोती विकत घेऊन घाली. बटण दाबले की दुकान उघडे, दुसरे दाबले की पोती गोठ्याशी हजर, तिसरे दाबले की गव्हाण भरलेली. दूध विकून आलेला पैसा पुन्हा पोत्यांत जाई. शेतात गवत गुडघाभर वाढलेले, आणि मालकीणबाई दुकानाच्या दारात.

"हे फुकटचं गवत कोणासाठी राखून ठेवलंयस?" एक दिवस भांडारबाईंना राहवले नाही.

"कापायला वेळ लागतो, आई. कापा, वाळवा, उलटा, गोळा करा. मला अर्धाच तास असतो."

"पोत्यांवर गाई कोणीही पोसेल. त्याला अक्कल लागत नाही, फक्त पाकीट लागतं."

सुनेने ते यंत्र खाली ठेवले. "मग तुम्ही पोसून दाखवा."

यजमान कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते थोडे खाली केले. आयुष्यभर घरोघर फिरून विजेचे मीटर वाचण्याची नोकरी त्यांनी केली होती. त्यामुळे दिसेल तो आकडा मोठ्याने वाचणे आणि इतर कोणत्याही भानगडीत न पडणे या दोन सवयी त्यांच्या अंगी कायमच्या मुरल्या होत्या. पण ही भानगड वर्तमानपत्रापेक्षा बरी निघेलसे वाटले असावे.

शर्त ठरली ती अशी. खेळातला एक महिना सुमारे दोन तासांत सरतो. भांडारबाईंनी रोज एक महिना, असे बारा दिवसांत एक अख्खे वर्ष चालवायचे. खाद्याचे एकही पोते विकत घ्यायचे नाही. वर्षाअखेर एकाही जनावराची प्रकृती ढासळलेली दिसता कामा नये, आणि ती दिसण्याची सोय पडद्यावरच होती. प्रत्येक गाईच्या नावापुढे एक पट्टी, हिरवी म्हणजे ठणठणीत, पिवळी म्हणजे कुरकुर, लाल म्हणजे उपास.

"जिंकलात तर स्वयंपाकघर तुमचं," सून म्हणाली. "डबे बंद."

"आणि नाही जिंकले तर?" भांडारबाईंनी केवळ नियमाला धरून विचारले.

"तर डबे चालू. आणि जेवणाबद्दल या घरात तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मिठाबद्दलसुद्धा."

"मिठाबद्दलसुद्धा?" यजमानांनी विचारले. त्यांच्या स्वरात काळजी होती की आशा, हे सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, घरात यजमानांखेरीज कोणी नसताना, भांडारबाई टीव्हीसमोर बसल्या. शेजारी जुनी वही, पेन आणि चष्मा. पहिले काम त्यांनी तेच केले जे दर सत्राच्या पहिल्या दिवशी करत आल्या होत्या. पट केला. गोठ्यात एक फेरी मारून माना मोजल्या आणि वहीत लिहिले: जनावरे चोवीस. खाली रेघ मारली. खेळाने सांगितले होते की एका गाईला महिन्याला शंभर मापे चारा लागतो. म्हणजे चोवीसशे. ना कमी, ना जास्त. पट एकदा झाला की सत्र संपेपर्यंत तो बदलत नसे. हा त्यांचा नियम होता आणि तेहेतीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

मग त्या ट्रॅक्टरवर चढल्या. पहिल्या तासात कुंपण दोनदा मोडले आणि शेजाऱ्याच्या तळ्यात नांगर गेला, पण त्याबद्दल त्यांनी कोणाला सांगितले नाही आणि यजमानांनी पाहिले नसल्याचे दाखवले. तिसऱ्या दिवशी मात्र त्या गवत असे कापत होत्या की पट्ट्यामागे पट्टा, मधे काडी उभी राहू नये. अर्धे गवत वाळवले. अर्धे हिरवेच बारीक कापून खड्ड्यात दाबले, वर काळे प्लास्टिक अंथरले, आणि मुरघास मुरायला सोडला. गहू कापल्यावर पेंढा गोळा केला. या तीन वस्तू कालवण्याचे एक यंत्र खेळात होते. एकट्या गवताने गाय अर्धवट भरते, आणि तिन्ही प्रमाणात कालवून घातल्या की पोट भरून दूध दुप्पट, हे कळले तेव्हा भांडारबाईंना हा खेळ करणाऱ्यांबद्दल प्रथमच आदर वाटला. त्यांच्यात कोणीतरी खानावळ चालवलेली असावी.

पाचव्या दिवशी त्यांना खरी खाण सापडली. खेळातले शेजारी आपले गवत कापून मुरवून देण्याचे काम बाहेर देत. ठरलेले इतके पोचवले की काम पुरे. पण शेत मोठे असे आणि ठरलेले कमी असे, आणि उरलेल्या मुरघासाबद्दल शेजारी चकार शब्द काढत नसे.

"ते त्याचं नाही का?" यजमानांनी विचारले.

"त्याने मोजून मागितलं, मी मोजून दिलं. उरलेलं ज्याने रांधलं त्याचं." भांडारबाईंनी ट्रॅक्टर वळवला. "वसतिगृहात हाच नियम होता."

"वसतिगृहात काही उरत नव्हतं म्हणायचीस."

"अहो, वर्तमानपत्र वाचा."

चारा त्या बाहेरूनच वाढत. गोठ्याच्या बाजूने एक बोळ होता. त्यातून यंत्र चालवले की लांब गव्हाणीत चारा पडत जाई आणि आडव्या दांड्यांमधून माना बाहेर येत. हे त्यांना अगदी ओळखीचे वाटले. भोजनगृहातही त्या आत कधी जात नसत. खिडकीतून वाढत. समोर ताट धरलेला हात येई, मागे तक्रार करणारे तोंड असे, आणि दोन्ही पुढे सरकत. गाई तर तक्रारही करत नव्हत्या. खेळच मधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यात कसल्याशा चिठ्ठ्या पाठवी. एक घंटी वाजे, एक चौकोन चमके, त्यात बारीक अक्षरे. वसतिगृहात खिडकीवर येणाऱ्या चिठ्ठ्यांचे भांडारबाई जे करत तेच त्यांनी यांचेही केले. वाचल्याशिवाय दूर केल्या.

महिन्याच्या शेवटी बोळातून फेरी मारली की गव्हाण चकचकीत. काडीसुद्धा उरलेली नाही. चोवीसशे मापे घातली, चोवीसशे खाल्ली गेली. ते पाहून भांडारबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे, ते सुनेने पाहिले असते तर शर्त तिथेच सोडून दिली असती. त्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्या पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. रिकामे भांडे समोर असताना रंगीत चित्रे कशाला पाहायची.

"कसं चाललंय?" सून साडेतीनला विचारी, डबा उघडता उघडता.

"तुझी भांडी घासायची तयारी ठेव. रविवारी वर्ष संपतं, सोमवारी मी रांधणार."

"दूध जरा कमी झालंय वाटतं, आई. टाकी बघितलीत का?"

"थंडी आहे. थंडीत कमीच येतं."

सुनेने चमचा थांबवला, काहीतरी बोलावेसे वाटल्यासारखे केले, आणि भाताकडे वळली. शर्तीत मदत बसत नव्हती.

अकराव्या दिवशी, म्हणजे खेळात वसंताला एकच महिना उरला असताना, घंटी वाजली आणि चौकोन लाल आला. तो बटण दाबूनही जाईना. भांडारबाईंनी चष्मा चढवला. 'जनावरे उपाशी आहेत.'

"खोटं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?" यजमान वर्तमानपत्र ठेवून उठले. अकरा दिवसांत हे प्रथमच घडत होते.

"उपाशी म्हणे. मोजून घातलंय. गव्हाण बघा, काडी नाही."

यजमान टीव्हीच्या इतक्या जवळ गेले की नाक पडद्याला टेकेल. कोपऱ्यात एक लहानसा आकडा होता. आकडा दिसल्यावर त्यांनी जे आयुष्यभर केले तेच केले. मोठ्याने वाचला.

"एकतीस."

"काय एकतीस?"

"गोठ्यात जनावरं एकतीस. तुझ्या वहीत किती?"

भांडारबाईंनी ट्रॅक्टर थांबवला आणि पहिल्या दिवसानंतर प्रथमच गोठ्याच्या आत गेल्या. आत पाठीच पाठी होत्या. काही मोठ्या, काही आखूड, काहींच्या कपाळावर अजून लव होती. त्यांनी मोजले. यजमानांनी मोजले. दोघांचेही एकतीसच आले. मग यजमानांनी जुन्या चिठ्ठ्या उघडायला लावल्या. नवीन वासरू. नवीन वासरू. नवीन वासरू. खेळाचा नियम असा होता की गाई पोटभर खाऊन ठणठणीत राहिल्या की त्यांना आपोआप वासरे होतात, आणि वासरे वाढून गाई होतात. त्यात बैलाची अथवा डॉक्टरची कसलीही भानगड नव्हती. पहिले सहा महिने भांडारबाईंनी गाईंना इतके उत्तम जेवू घातले की त्यांनी कृतज्ञतेने सात तोंडे वाढवली. आणि त्या सात तोंडांना पटावर जागा नसल्याने पुढचे पाच महिने सगळ्यांच्याच वाट्याचे कमी पडत गेले. गव्हाण रिकामी होत होती हे खरेच. महिना संपायच्या आठवडाभर आधी होत होती. नंतर गाई ती नुसती चाटत होत्या.

"वसतिगृहात कोणी जन्माला येत नव्हतं," भांडारबाई शेवटी म्हणाल्या.

"नाही," यजमानांनी मान्य केले. "त्याबाबतीत वसतिगृहाची शिस्त कडक होती."

त्यांनी खड्ड्यातला मुरघास मोजला, गवताच्या गंजी मोजल्या, पेंढा मोजला. एकतीस गाईंना पाऊण महिन्याहून जरासा जास्त पुरेल एवढा माल होता. शेत गोठलेले, शेजाऱ्यांकडे काम नाही. चोवीस गाई असत्या तर महिना निभावून चार मूठ उरला असता.

"मग सात विकून टाक," यजमान म्हणाले. "इथे बटण आहे. विका. दाबलं की झालं. उरलेल्या चोवीस पोटभर खातील, पट्ट्या हिरव्या होतील, आणि सोमवारी मला धड जेवण मिळेल. शर्तीत विकायचं नाही असं कोणी म्हटलेलं नाही."

हे अगदी बरोबर होते. शर्तीत ते नव्हते. एक बटण दाबले की स्वयंपाकघर, ओटा, सगळी पातेली आणि मिठाची बरणी भांडारबाईंची. त्यांचे बोट त्या बटणापर्यंत गेले. इतके आठवडे दुखणारे मनगट त्या क्षणी मुळीच दुखत नव्हते. रबरी चेंडू न दाबता ते बरे झाले होते, आणि हे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न त्यांनी नंतरसाठी ठेवला.

"तेहेतीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "रांगेत उभ्या असलेल्या एकाही मुलीला, तुझं नाव पटावर नाही म्हणून मी परत पाठवलेलं नाही. चूक माझ्या वहीची, आणि घालवायचं गाईंना?"

"अगं, त्या खऱ्या नाहीत."

"वही खरी आहे."

आणि त्यांनी दुकान उघडले. पोती मागवली. एकदाच मागवली आणि भरपूर मागवली, कारण हरायचेच तर अर्धपोटी का हरायचे. गव्हाण काठोकाठ भरली. एकतीस माना दांड्यांमधून बाहेर आल्या. एकेका नावापुढची लाल पट्टी आधी पिवळी, मग हिरवी झाली. भांडारबाई ते पाहत बसल्या, आणि वहीतली चोवीस आकड्याखालची रेघ त्यांनी खोडली.

साडेतीनला सून आली. पडद्यावर पोत्यांचा ढीग तिला दारातूनच दिसला.

"हरलात," ती म्हणाली.

"हरले. सात वासरं झाली होती. मी मोजणी एकदाच केली."

सून पर्स खाली न ठेवता उभी राहिली. मग ती हसली, पण ते हसू जिंकलेल्या माणसाचे नव्हते. "मला वाटलंच होतं. तुमची मोजणी एकदाच असते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सात वर्षांपूर्वी मी या घरात आले, आई. दुपारच्या भाताला वाट्या किती घेता तुम्ही?"

"तीन," भांडारबाई म्हणाल्या. विचार करावा लागला नाही. "यजमान, चिरंजीव आणि..." आणि त्या थांबल्या.

"मी साडेतीनला यायचे, तर पातेली पालथी. घासूनपुसून. पहिल्या आठवड्यात वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या आठवड्यात पावाचा पुडा आणून कपाटात ठेवला. सात वर्षं ओट्याशी उभं राहून चहापाव खाल्लाय मी. बसून खाल्लं तर वेळ जातो, आणि ओट्यावर चुरा पडलेला तुम्हाला चालत नाही."

"मला वाटलं, तू दुकानात जेवतेस."

"विचारलंत कधी?"

भांडारबाईंनी विचारले नव्हते. खिडकीतून हात पुढे आला नाही म्हणजे भूक नाही, असा त्यांचा हिशेब होता.

"तू तरी सांगायचंस."

"तुम्हाला?" सून म्हणाली. "रिकाम्या पातेल्याकडे तुम्ही ज्या कौतुकाने बघत असायच्या, त्यात मी काय सांगणार होते?" तिने चौथा डबा उघडला आणि खुर्ची ओढली. "हे पाणी आहे, मला माहितीये. मीठ नाही, मसाला नाही. पण झाकणाला चिकटपट्टी असते. मी येईपर्यंत कोणी उघडत नाही."

भांडारबाईंनी फक्त इतकेच म्हटले, "तुमच्या लग्नानंतर पट करायचा राहिला." त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त कबुली आजवर शिक्षण खात्याच्या तपासनीसालाही मिळाली नव्हती.

शर्त म्हणजे शर्त. दुसऱ्या दिवसापासून भांडारबाई जेवणाबद्दल बोलेनाशा झाल्या. भाजी कच्ची निघाली, त्या गप्प. भात गिचका झाला, त्या गप्प. तिसऱ्या दिवशी घरात अशी शांतता पसरली की चिरंजीवांनी आईला बरे नाही की काय, असे वडिलांना बाजूला घेऊन विचारले. यजमानांना तर काय खातो आहोत तेच कळेनासे झाले होते. चाळीस वर्षे घासाघासाला बायकोचे मत ऐकण्याची सवय होती.

चौथ्या दिवशी बाराला डबे आले ते तीनच. फोन केला तर तिकडून सांगण्यात आले की यादीत तीन लिहिले आहेत, चूक कोणाची ते उद्या पाहू. यजमान आणि चिरंजीव आपापला डबा पुढे ओढणार, तोच भांडारबाईंनी टेबलावर हात आडवा धरला. तोंडाने एक अक्षर नाही. त्यांनी एक मोठा चमचा आणि कपाटातला रिकामा डबा मागवून घेतला. तिन्ही झाकणे उघडली आणि चार वाटे केले. भात, भाजी, पाणी. दोनशे चाळीस ताटे एका मापाने वाढलेला हात होता तो. चारही वाट्यांत शिताचा फरक काढता आला नसता. चौथ्या डब्याला त्यांनी झाकण लावले, आणि झाकणावर चिकटपट्टी.

साडेतीनला सुनेने डबा हातात घेतला आणि वजनावरूनच ओळखले. "आज कमी आहे."

यजमानांनी वर्तमानपत्र उंच धरले.

"हा डबा आपला आहे. चिकटपट्टीही आपल्या खणातली. किती आले होते?"

"तीन," यजमान म्हणाले. आकडा होता, राहवले नाही.

सून बसली. झाकण काढून एक घास घेतला. मग दुसरा. "आई, रश्श्यात मीठ नाही."

भांडारबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होते, आणि त्या चादरींमध्ये त्यांना भारी रस असल्याचे दिसले.

"बोला की."

"शर्त आहे."

"शर्त माझ्याशी आहे. मी म्हणते, बोला."

भांडारबाईंनी खुर्ची वळवली. चार दिवसांचे तुंबलेले होते. "मीठ नाही हे तुला आज कळलं? त्याला मीठ घालून उपयोग नाही, कारण मिठाला धरायला आत काहीतरी असावं लागतं. भाजी अर्धी कच्ची, आणि उरलेली अर्धी इतकी शिजलेली की दोन्ही अर्ध्यांची एकमेकींशी ओळखही नसावी. आणि भात. त्या भाताबद्दल मी बोलत नाही, तो गेला बिचारा."

यजमानांनी डोळे मिटून घेतले. गाणे ऐकणाऱ्या माणसाने घ्यावेत तसे.

"मग उद्यापासून तुम्ही करा," सून म्हणाली. "पातेली मात्र तुमचे चिरंजीव उचलतील, तुम्ही नाही. आणि दुपारी चार डबे भरायचे. सगळ्यांचे, तुमचासुद्धा. ताटं वाढायची ती ज्याच्या त्याच्या डब्यातूनच."

"माझा कशाला? मी तर घरीच असते."

"कारण तिसरी वाटी तुमची, हे त्या दिवशी सांगताना तुम्हीही अडखळलात."

भांडारबाई वही शोधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दुकानाला आणि कारखान्याला निघायच्या आधी, घरातल्या सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दारात रांगेत उभे करण्यात आले. चिरंजीव जांभया देत होते. सून एका पायात चप्पल घालून उभी होती. यजमान हातात वर्तमानपत्र घेऊन शेवटी उभे राहिले, तेव्हा त्यांना पुढे येऊन मोठ्याने वाचायला सांगण्यात आले.

"चार," त्यांनी वाचले.

"नीट मोजा. स्वतःला धरलंत का? मला धरलंत का?"

यजमानांनी पुन्हा एकेकावर बोट ठेवले. "चार."

भांडारबाईंनी वहीत लिहिले, पण खाली रेघ मारली नाही. मग त्यांनी वाटी घेतली आणि तांदळाच्या डब्यात घातली.

"मोजणी आता रोज सकाळी सहाला," त्या म्हणाल्या. "जो रांगेत नसेल, त्याने माझ्याकडे येऊन कारण सांगायचं."